बडोद्याचे महाराज वाकले कसे, याचा खुलासा

करामा, दुबई
१२ डिसेंबर

(तारीख बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. १९११ साली याच दिवशी दिल्लीचा दरबार भरला होता, हे मला पाठ आहे. मुद्दाम निवडलेली नाही. शुक्रवार असल्यामुळे ऑफिस लवकर सुटलं, एवढंच.)

तीर्थरूप आत्येस,

मुग्धाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द अगदी शब्दशः घेऊ नकोस. आमच्या हॉलमध्ये सोफा आणि निनादची धूळ खाणारी ट्रेडमिल सोडून जी जागा उरते तिच्यात फार तर पाच अंगं मावतात. बाकीची तीन पॅसेजमध्ये पाठवून नमस्कार पुरा केला आहे.) आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, वाचून तुला आनंद होईल अशी सध्या खात्री नाही. तुझा गुडघा कसा आहे? कऱ्हाडला थंडी पडली असेल. रागात असताना माणसाचं काही दुखत नाही असं तूच म्हणायचीस, त्या हिशोबाने गेले काही दिवस तुझा गुडघा ठणठणीत असणार.

तर मुद्दा. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सुजीतने फॅमिली ग्रुपवर टाकला. (तुझ्या या भाच्याला पुण्यात बसून दुसरा उद्योग नाही. आलं की ढकल पुढे.) तू तो पाहिलास, ग्रुप सोडलास आणि सुजीतला निरोप दिलास की, ज्या घरचे बडोद्याचे महाराज साहेबापुढे कमरेत वाकतात आणि ज्या घरच्या पोरी मोहन बागानला हरवतात, त्या घरी मी पाहुणी म्हणून जाणार नाही, जानेवारीचं तिकीट रद्द कर. सुजीतने निरोप शब्दशः पोचवला, वर हसण्याचं चित्रही टाकलं. मला मात्र हसू आलं नाही. तू इथे यावंस म्हणून मी लग्न झाल्यापासून तुझ्या मागे लागले आहे. तू दर वर्षी काहीतरी काढतेस, कधी मांजर व्याली, कधी पाण्याची टाकी. या वर्षी कुठे हो म्हणालीस, पासपोर्ट केलास, आणि १९११ साल आडवं आलं. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. आमचा बेसिल नाताळला वसईला चालला आहे, तो तिकडून पोस्टात टाकेल. बेसिलवरही तुझा राग असणार, दक्षिण ध्रुवाच्या संदर्भात. त्याचाही खुलासा पुढे येतो आहे.

मंडळ म्हणजे काय ते आधी सांगते. करामात आणि आसपास राहणारी आपली पंधरावीस कुटुंबं, जोडीला बेसिलसारखी वसईची दोनचार. दर वर्षी एका हॉटेलच्या वरचा हॉल घेऊन आम्ही एखादा कार्यक्रम करतो, जेवण चांगलं असतं, कार्यक्रमाबद्दल नंतर कोणी बोलत नाही. या वेळी ठरलं की इतिहासातलं एकच साल घ्यायचं आणि त्या सालातल्या घटना प्रवेशांसारख्या करून दाखवायच्या. सगळे एकमेकांकडे बघत असताना मी म्हटलं, १९११. (हात वर करून उत्तर द्यायची सवय तूच लावलीस.) कुणी विचारलं, त्या साली झालं काय, तेव्हा मी तुझ्या आवाजात सुरू झाले. फेब्रुवारीत प्रयागला जगातली पहिली विमानटपाल उडाली. जुलैत कलकत्त्याचं मोहन बागान फुटबॉलमध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या टीमला हरवून शिल्ड घेऊन गेलं. ऑगस्टात पॅरिसच्या संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली. डिसेंबरात दिल्ली दरबार, आणि त्याच आठवड्यात माणूस दक्षिण ध्रुवावर पोचला. कुणीतरी घाईघाईने लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं.

विमानटपाल पहिल्याच बैठकीत बाद झाली, कारण ड्रोन उडवायला इथे परवानगी लागते आणि परवानगीचं नाव काढताच मंडळाचे निम्मे सभासद पाणी प्यायला जातात. उरलेल्या चार घटनांत गुणवंतसाहेबांनी बादशहा व्हायचं कबूल केलं. गुणवंतसाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. ते निनादच्या ऑफिसात निनादचे साहेबही आहेत, आणि या पत्रातलं निम्मं दुःख या एका ओळीत आहे. बडोद्याच्या महाराजांच्या कामासाठी उंच माणूस हवा होता. उंच निनादच निघाला.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. दरबारात बाकीचे राजे बादशहापुढे झुकून, मागे मागे सरकत गेले आणि बडोद्याचे महाराज एकदाच मान लववून, पाठ फिरवून सरळ चालते झाले असं सांगतात. तू हा धडा शिकवताना फळ्यापाशी उभी राहून ते चालून दाखवायचीस. आणि ते शिक्षणाधिकारी तुझ्या वर्गात येऊन म्हणाले होते ना, की इतिहास शिकून पोरांना नोकरी थोडीच लागणार आहे, तेव्हा तू त्यांच्याकडे पाठ करून सनावळी लिहीत राहिलीस आणि ते जाईपर्यंत वळली नाहीस. मुख्याध्यापकपद गेलं ते गेलंच. बाबा ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, दूधवाल्यालासुद्धा. निनादलाही लग्नाआधी पहिल्याच भेटीत ऐकवली होती. म्हणून सांगते, निनादने ते काम हसण्यावारी नेलं नव्हतं. रोज संध्याकाळी आमच्या फ्रिजला बादशहा समजून त्याने तालीम केली. मान लववायची, टाच वळवायची, तडक पॅसेजमध्ये. इतकं सुंदर जमत होतं की मला फ्रिजची दया यायची. पण फ्रिज अप्रेझल करत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दरबार सगळ्यात आधी घ्यावा लागला. इतिहासात डिसेंबर शेवटी येतो, आमच्याकडे तो साहेबांच्या सोयीने येतो, कारण त्यांना पुढे दुबई मरीनाला एका डिनरला जायचं होतं. हॉलवाल्याकडून नवरानवरीची सोनेरी खुर्ची भाड्याने घेतली होती (तीनशे दिरहम, म्हणजे आपले सात हजार, हो, मीही मनात तेच म्हटलं). गुणवंतसाहेब तिच्यावर बसले ते असे बसले की जन्मभर तिथेच बसत आले आहेत. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा त्यांनी हेड ऑफिस शिफ्ट झाल्याच्या थाटात केली आणि हॉलमध्ये हळहळ पसरली, कारण मागच्या वर्षीच त्यांनी अर्धं ऑफिस मरीनाहून अबू धाबीला अल रीम आयलंडवर हलवलंय आणि माणसं रोज हायवेवर तास न् तास घालवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे बंगाली काका प्रमुख पाहुणे होते. (सामना बघायला खास बोलावले होते. हे लक्षात ठेव.) ते तर डोळे मिटून बसले.

मग निनाद आला. फेटा, मोत्यांची माळ, ताठ मान. मी पहिल्या रांगेत होते, खोटं सांगत नाही, क्षणभर तो महाराजच दिसला. त्याने मान लववली आणि टाच वळवणार तोच गुणवंतसाहेबांनी मोबाइलवरून डोळे वर केले आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "यल्ला निनाद, फास्ट. आय हॅव अ डिनर." संपलं सगळं. त्या माणसाचा कणा माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. तो कमरेत वाकला. उठला, पुन्हा वाकला, "शुअर सर" म्हणाला (हे तेवढं व्हिडिओत ऐकू येत नाही, ही देवाची कृपा) आणि हात जोडून मागे मागे सरकत विंगेत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

निनादला तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. फक्त एवढंच निदर्शनास आणते की त्या खऱ्या महाराजांनीही नंतर व्हाइसरॉयला पत्र पाठवून खुलासा केला होता, गडबडीत चूक झाली म्हणून. मी कार्यक्रमासाठी वाचत होते तेव्हा सापडलं. हे तू आम्हाला वर्गात कधी सांगितलं नाहीस, आत्या. चांगली दहा वर्षं तुझ्याकडून इतिहास शिकले, आणि अर्धाच शिकले असं दुबईत येऊन कळलं.

पुढे दक्षिण ध्रुव. बेसिल एका मोठ्या हॉटेलात लग्नाचे हॉल सांभाळतो. तो म्हणाला, बर्फाची काळजी तुम्ही करू नका, आणि खरोखरच ट्रॉलीवरून बर्फ घेऊन आला. तो लग्नात ठेवतात तसा कोरलेला, पंख पसरलेला भलामोठा ससाणा होता, छातीवर वधूवरांची आद्याक्षरं आणि मध्ये बदाम. दक्षिण ध्रुवावर ससाणा नसतो हे मी त्याला हळूच सांगितलं. बेसिल म्हणाला, मॅडम, पेंग्विन पाहिजे तर लग्न पेंग्विनचं पाहिजे. मला वाटलं, कालच्या लग्नातला उरलेला असेल. तो उरलेला नव्हता. ते लग्न त्याच संध्याकाळी होतं. बेसिल जाड कोट घालून, झेंडा रोवून, ध्रुवाला नुकता पोचला होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि ध्रुव जिंकणारा पहिला मानव ध्रुव ट्रॉलीवर घालून लिफ्टकडे पळत गेला.

इथून सगळी घडी विस्कटली, कारण मोनालिसाचा चोरही बेसिलच होता. अनुराधा मोनालिसा झाली होती. (तू तिला ओळखतेस, माझ्या लग्नात जिने तुला तीनदा नाव विचारलं ती.) सोनेरी चौकटीत बसून मंद हसायचं आणि चोर येऊन नेईपर्यंत हलायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. चोर ससाणा घेऊन लग्नाला गेला. अनुराधा कामाला पक्की, ती हसत बसून राहिली. प्रवेश बदलले, पडदा पडला, उघडला, चहा फिरला, तरी ही कोपऱ्यात मंद हसतेच आहे. खरी मोनालिसा गेली तेव्हा ती जागेवर नाही हे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे. आमची जागेवरच आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तू व्हिडिओत सामन्याच्या वेळी गोलच्या शेजारी हसणारी बाई पाहिलीस आणि तिला देशद्रोही म्हणालीस असं सुजीत सांगतो. तर ती तिची ड्यूटी होती.

आता सामना. हे लिहिताना हात जरा जड होतो. खुर्च्या बाजूला सारून हॉलमध्येच मैदान केलं होतं. अनवाणी मोहन बागान व्हायला सगळे बाप तयार. गोरी पलटण व्हायला कोणी तयार नाही. हे मला फार कौतुकाचं वाटलं, देशाभिमान वगैरे. मग कोणीतरी म्हणालं, पोरांना करा की इंग्रज, नाहीतरी इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. सगळ्यांना ते इतकं पटलं की पुढचा विचार कोणी केलाच नाही. पुढचा विचार असा, की दुबईत आईबाप पोराला मराठी शिकवोत न शिकवोत, फुटबॉल अकॅडमीत घालतातच. आमची ईश्वरी आठवड्यातून तीनदा जाते. दुसरीकडे मोहन बागान म्हणजे चाळिशीतली, दिवसभर खुर्चीत बसणारी, चपलांशिवाय गुळगुळीत फरशीवर पहिल्यांदाच उतरलेली मंडळी. मी पोरांना नीट सांगितलं होतं की आधी एक गोल तुम्ही करायचा, मग दोन खायचे आणि हरायचं.

पहिला गोल ईश्वरीने केला, ठरल्याप्रमाणे. दुसराही तिनेच केला. मी कडेने डोळे वटारले तर तिने मला अंगठा दाखवला. तिसरा झाला तेव्हा मोहन बागानचे दोन खेळाडू पाय धरून खाली बसले होते आणि तिसरा पाणी मागत होता. पण आत्या, मला खरा धक्का बसला तो प्रेक्षकांचा. गोरी पलटण गोल करते आहे आणि सगळे आईबाप उभे राहून टाळ्या वाजवताहेत, मोबाइल वर धरून नाचताहेत. मीसुद्धा. (ती किंचाळणारी बाई मीच. तू आवाज ओळखला असशील.) पाच एक असा निकाल लागला. बंगाली काका उठले, खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि लिफ्टकडे गेले. मोहन बागानची शिल्ड त्यांच्या आजोबांनी मैदानात उभं राहून पाहिली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी ईश्वरीला फैलावर घेतलं. म्हटलं, तुला हरायला सांगितलं होतं ना? ती बूट काढता काढता म्हणाली, "बट मम्मा, व्हाय? दे काण्ट ईव्हन पास." मी म्हटलं, हिस्टरीत ते जिंकले होते. ती म्हणाली, "देन दे शुड हॅव प्रॅक्टिस्ड." यावर काय बोलायचं ते तू सांग. तुला सुचलं असतं, आणि म्हणूनच तू इथे असायला हवी आहेस.

आता शेवटची गोष्ट आणि मग तुझी सुटका. मागच्या सोमवारी गुणवंतसाहेबांनी निनादला बोलावलं. (बादशाही अजून उतरलेली नाही, खुर्चीत बसतात ते तस्सेच.) म्हणाले, जानेवारीतली ती एअरपोर्टची सुट्टी कॅन्सल कर, त्या दिवशी अबू धाबीला मीटिंग आहे. ती एअरपोर्टची सुट्टी म्हणजे तुला आणायला घेतलेली. तू येणार नाहीस हे निनादला ठाऊक होतं, त्याला सहज हो म्हणता आलं असतं. त्याने मान लववली, एकदाच, आणि पाठ फिरवून केबिनबाहेर चालता झाला. दार लावून घेतलं नाही. सरळ पॅन्ट्रीत जाऊन दोन ग्लास पाणी प्यायला आणि मला फोन केला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की ऑफिसात डोळे पुसायला मला टॉयलेटमध्ये जावं लागलं. व्हिडिओ नाही याचा. तुला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल.

बाबा गेल्यापासून मला रागावणारं माणूस जगात तू एकटीच उरली आहेस. तू रागाव, पण समोर बसून रागाव. पत्र आटोपतं घेते. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
मुग्धा

ता. क. खुलासा पूर्ण असावा म्हणून लिहिते. केबिनमधून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने निनादने साहेबांना ईमेल पाठवून कळवलं की अचानक चक्कर आल्यामुळे पाठ फिरली, गैरसमज नसावा. मजकूर मी सांगितला. तेव्हा बडोद्याचा इतिहास आमच्याकडून खुलाशासकट पार पडला आहे. सुट्टी मंजूर झाली.

ता. क. २. खरं काम राहिलंच. बंगाली काकांची समजूत काढायला २६ जानेवारीला सगळा कार्यक्रम पुन्हा करायचा ठरलाय. बादशहा तेच. पण त्यांच्याकडे पाठ फिरवायला मंडळात एकही माणूस मिळत नाही. कोणी त्यांच्या हाताखाली आहे, कोणाची बायको आहे, कोणाला पुढेमागे त्यांच्याकडे अर्ज करायचा आहे. आम्हाला असा माणूस हवा आहे की जो व्हिजिट व्हिसावर आहे, ज्याला साहेब नाही आणि ज्याला हे काम फळ्यासमोर करायची सवय आहे. फेटा निनाद बांधेल.

ता. क. ३. तिकीट रद्द झालेलं नाही. सुजीतला मी रद्द करू दिलं नाही. तू सांगितलंस की तो करतो आणि मी सांगितलं की तो थांबतो, एवढा एकच गुण आहे त्याच्यात.

ता. क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता हे लिहिते आहे. ईश्वरी आत्ता खालच्या बागेतून आली, टाचेला फोड. फेरसामन्यात ती मोहन बागानकडून खेळणार आहे म्हणे, आठवडाभर सराव चाललाय. मी म्हटलं, बूट घालून जा निदान. तर म्हणते, "नो मम्मा, वी प्ले अनवाणी. ओन्ली वन ऑफ देम वोअर बूट्स." त्यांच्यातल्या एकाने बूट घातले होते हे मलाही माहीत नव्हतं. कोणी सांगितलं विचारलं, तर टॅबलेट पाठीमागे लपवून उभी. मग कबूल झाली. ज्या बाईला बोटिम ॲपवर फोन लावता येत नाही, ग्रुपवर राहवत नाही आणि माझा फोन उचलायचा नाही, ती बाई रोज शाळा सुटल्यावर माझ्या लेकीला १९११ साल शिकवते आहे. आमच्या घरात अनवाणी हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता, आत्या. येताना तिच्यासाठी मलम घेऊन ये, कऱ्हाडचं, तू मला लावायचीस ते.